पंडिता रमाबाई आणि कृपासदन



गेल्या श्रावणात आमचा मुक्काम यवतमाळ जिल्ह्यातील एका लहानशा खेड्यात होता. दिवसभर पऱ्हाटीचे निंदण करून थकलेल्या भगिनी हातपाय धुऊन दिवेलागणीस प्रार्थनेला जमल्या. त्या रात्री आम्ही मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला सांगावयास घेतला. धन्याने काही मजूर पहाटे लाविले, काही दुपारी लाविले, आणि काही तर दिवस मावळावयास तासभर उरला असता बोलाविले; आणि संध्याकाळी सर्वांस सारखाच रोज दिला. दाखला संपतो न संपतो तोच एक वृद्ध भगिनी म्हणाल्या की, आमच्या गावच्या शेतकऱ्याने एकदा असे केले तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकही बाई वावरात फिरकावयाची नाही. सर्व मंडळी हसली. आम्हीही हसलो, कारण उन्हातान्हात ओणवून निंदणाऱ्या बाईला रोजाचा हिशेब आमच्यापेक्षा अधिक कळतो.

परंतु हसणे ओसरल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. त्या मंडळीतील एक बहीण काही वर्षांपूर्वी घर सोडून दूरच्या शहरी गेली होती व तेथे तिचे वर्तन मंडळीला खाली पाहावयास लावील असे राहिले. आता ती परत आली आहे. तिने रडून देवापुढे व मंडळीपुढे पाप कबूल केले आहे, आणि प्रभुभोजनास बसू द्यावे अशी तिची विनंती आहे. वडील मंडळींचे म्हणणे असे की, ज्यांनी तीस तीस वर्षे दशमांश दिला, हंगामाच्या सणास पहिले पीक वेदीपुढे आणून ठेविले, गावाचे टोमणे सोसले, त्यांच्या पंक्तीस ही कालची परत आलेली बाई एका दिवसात बसली, तर आमच्या इमानाची किंमत ती काय राहिली?

हा प्रश्न दुष्टपणाचा आहे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या वाडवडिलांना गावात न्याय मिळाला नाही. काट्यावर त्यांचा कापूस कमी भरला, मजुरीतून पैसे कापले गेले, विहिरीवर त्यांना दूर उभे राहावे लागले. अशा लोकांच्या लेकरांनी जे ज्याचे ते त्याला मिळावे असा आग्रह धरला तर त्यात पाप कसले? म्हणून या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देऊन मोकळे होण्यापेक्षा, पुण्याचा हिशेब आपणा कोणाहीपेक्षा ज्यांना अधिक ठाऊक होता, अशा एका बाईंचे चरित्र येथे सांगावे असे आम्हांस वाटले. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृत भाषेचे मोठे विद्वान. तरुणपणी पुण्यास गुरूंजवळ शिकत असता पेशव्यांच्या वाड्यात एक स्त्री संस्कृत म्हणते हे त्यांच्या कानी आले, आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवावे असे त्यांनी मनात धरिले. त्या काळी ही गोष्ट लोकांना रुचण्यासारखी नव्हती. शास्त्रीबोवांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, विद्वानांपुढे आपली बाजू शास्त्राधारे मांडली, आणि अखेर रानात आश्रम करून राहिले. मुलीस संस्कृत शिकविले ते मुख्यत्वे आईने, पहाटे कामधाम सुरू होण्यापूर्वी.

त्या आश्रमात विद्यार्थी येत, यात्रेकरू येत, आणि सर्वांस अन्न मिळे. त्यात घरचे द्रव्य संपले. मग हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले ते कायमचेच. क्षेत्राच्या ठिकाणी देवळाच्या आवारात पुराण सांगावे, लोक जे धान्य अगर पैसे ठेवितील त्यावर निर्वाह करावा, आणि त्यातूनही दानधर्म करावा, असा त्यांचा क्रम असे. शास्त्रीबोवा दांभिक नव्हते हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. स्नान, जप, उपवास, ब्राह्मणभोजन, मूर्तींची पूजा ही सर्व ते मनापासून करीत. अमुक व्रत केले असता अमुक फळ मिळते असे त्यांनी ग्रंथांत वाचले होते, आणि ग्रंथ खोटे बोलणार नाहीत असा त्यांचा विश्वास होता. आम्हांस तर असे वाटते की, देवाशी हिशेब चोख ठेवण्यात त्यांच्या तोडीचे फार थोडे लोक झाले असतील.

पुढे दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. या कुटुंबाला अंगमेहनतीचे काम ठाऊक नव्हते, आणि भीक मागणे हे त्यांच्या मानी स्वभावास सहन होणारे नव्हते. देव प्रसन्न होऊन धन देईल या आशेने त्यांनी उरलेसुरले दागिने, वस्त्रे, भांडी विकून तो पैसाही देवकार्यात व ब्राह्मणांस देण्यात घालविला. शेवटी मूठभर तांदूळ उरला तोही संपला. मग रानात शिरून झाडपाला व रानटी फळे खाण्याची पाळी आली. वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले. तेव्हा मुलगा श्रीनिवास याने, आपण जातीचा मोठेपणा बाजूस ठेवून कोणाकडेही नोकरी करू असे सांगून त्यांस त्या बेतापासून परावृत्त केले. तथापि शरीर खंगलेच होते. वडील गेले, त्यांच्यामागून आई गेली, थोरली बहीणही गेली. आईचे प्रेत स्मशानात न्यावयास माणसे मिळेनात. कसेबसे दोघे ब्राह्मण मिळाले, तिसरा भाऊ, आणि चौथा खांदा रमाबाईंचा. त्या उंचीने ठेंगण्या असल्यामुळे खांद्यावर भार येईना. म्हणून आईची तिरडी त्यांनी डोक्यावर घेतली.

ज्या घराने पुण्य जोडण्यात काही कसर ठेविली नव्हती, त्या घरातील मुलगी डोक्यावर तिरडी घेऊन चालली आहे. ती कोणाजवळ न्याय मागणार होती?

बहीणभाऊ पुढे काही वर्षे पायीच देशभर फिरले. दक्षिणेकडून उत्तरेकडे, तेथून पूर्वेकडे, असा हजारो मैलांचा प्रवास त्यांनी उपाशीपोटी व अपुऱ्या वस्त्रांनिशी केला. वाटेत त्यांना एक तळे लागले. त्यात सात लहान डोंगर तरंगत होते, आणि जो निष्पाप असेल त्याच्याकडे ते डोंगर काठापर्यंत येतात असे पुजारी सांगत. पाण्यात सुसरी आहेत, कोणी उतरू नये, असाही इशारा असे. श्रीनिवास एके पहाटे कोणास न सांगता पोहत गेला. पाहतो तो तराफ्यांवर दगडमाती रचून झाडे लाविलेली, आणि मागे नावाडी बसून ते तराफे ढकलीत! ही गोष्ट आम्ही कोणाच्या धर्माची थट्टा करावी म्हणून सांगत नाही. आपल्या मंडळ्यांतही कधी कधी वर्गणी दिलेल्यांच्या बाजूला डोंगर सरकताना आम्ही पाहिले आहेत.

१८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली व तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. तेथेच त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांची सभा पाहिली. सर्व लोक खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकीत आहेत हे पाहून, ख्रिस्ती लोक खुर्च्यांची पूजा करितात अशी त्यांची समजूत झाली. नवीन माणूस आपल्या उपासनेत येतो तेव्हा त्याला काय दिसते, याचा उपदेशक बंधूंनी अधूनमधून विचार करावा.

केशवचंद्र सेन यांच्या सांगण्यावरून रमाबाईंनी वेदांचे व धर्मशास्त्रांचे वाचन केले. स्त्रियांपुढे व्याख्याने द्यावयाची म्हणून त्यांनी हे ग्रंथ बारकाईने पाहिले. त्यात त्यांना असे आढळले की, इतर बाबतींत ग्रंथांचे एकमेकांशी कितीही पटत नसले, तरी स्त्री व शूद्र यांना स्वतःच्या पुण्याने मोक्ष मिळावयाचा नाही यावर बहुतेकांचे एकमत आहे. आजवर ज्या हिशेबावर त्यांच्या घराने जीव ओवाळून टाकिला, त्या वहीत त्यांच्या नावाचे पानच नव्हते.

१८८० साली भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते शूद्र मानलेल्या जातीचे होते. १८८१ साली कन्या मनोरमा झाली, आणि १८८२ च्या आरंभी पती पटकीने गेले. आसामातील सिल्चर येथील त्यांच्या घरात रमाबाईंना बंगाली भाषेतील लूकच्या शुभवर्तमानाची एक प्रत सापडली होती, व तेथील एका बाप्टिस्ट मिशनऱ्याने त्यांस पवित्र शास्त्राची ओळख करून दिली होती. बी पडले होते. रुजावयास अवकाश होता.

त्यानंतर त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन झाला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढे त्यांनी स्त्रियांना स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर मिळावेत अशी साक्ष दिली. हे सर्व १८८२ या एका वर्षातले. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील भगिनीमंडळात राहिल्या.

येथे आम्ही थोडे थांबतो, कारण आमच्या विषयाचे मर्म येथे आहे. वाँटेजच्या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅम येथे एक घर होते. ज्यांना जग पतित म्हणते अशा स्त्रियांना तेथे आश्रय मिळे. रमाबाईंना ते दाखविण्यात आले. अशा स्त्रियांची दया करावी असे त्यांनी यापूर्वी कोठे पाहिले नव्हते. त्यांना ठाऊक असलेल्या समाजात अशा बाईला शासन होते, बहिष्कार होता, आणि तोच न्याय समजला जात होता. येथे तर ज्या स्त्रियांच्या आयुष्याला कसलाही डाग नव्हता, त्या स्वतःच्या हातांनी या दुसऱ्या स्त्रियांची सेवा करीत होत्या. आणि एकेकाळी पडलेल्या काही स्त्रिया आता सावरून इतर आजारी माणसांची शुश्रूषा करीत होत्या. याचे कारण काय, असे रमाबाईंनी एका भगिनीस विचारिले. त्या भगिनीने वाद घातला नाही. योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय उघडून, विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईची व प्रभूची भेट वाचून दाखविली. ज्या बाईचा पाच घरांचा हिशेब सगळ्या गावाला पाठ होता, तिच्याशीच प्रभू जिवंत पाण्याविषयी बोलला. स्त्रीजातीला वर काढणारा कोणी असेल तर तो हाच, अशी रमाबाईंची त्या वेळी खात्री झाली. नीळकंठशास्त्री गोरे, जे नेहेम्या गोरे या नावाने प्रसिद्ध आहेत, त्यांच्या लेखनाने त्यांच्या उरलेल्या शंका फिटल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे चरित्र संपविले तर ते सोयीचे होईल, पण खरे होणार नाही. बाप्तिस्मा झाला तरी हिशेब सुटला नव्हता. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजातील वास्तव्य, १८८६ सालचा अमेरिकेचा प्रवास, हिंदू स्त्रीच्या स्थितीवर लिहिलेले १८८७ सालचे इंग्रजी पुस्तक, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस उघडलेले शारदा सदन, आणि १८९० साली त्याचे पुण्यास स्थलांतर, ही सर्व कामे मोठी होती. शारदा सदनात उच्चवर्णीय विधवांसाठी सोय होती व त्यांचे आचार पाळले जात. तेथील आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. इतके असूनही रमाबाईंचे मन आत स्वस्थ नव्हते.

१८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा मनुष्य दीक्षित पाळक असून लोकांना वर्षानुवर्षे उपदेश करीत होता, आणि एके दिवशी व्यासपीठावर स्वतःचाच उपदेश ऐकून त्याचे परिवर्तन झाले! ते वाचून रमाबाईंना कळून आले की, आठ वर्षे आपण ख्रिस्ताचा धर्म जवळ बाळगला, पण प्रत्यक्ष ख्रिस्त आपल्यापाशी नव्हता. बाप्तिस्मा, उपासना, सत्कर्मे यांच्या बळावर आपण देवाजवळ जाऊ असे त्या नकळत समजत होत्या. वडिलांचा जुना मार्गच नव्या नावाने चालू होता. आता त्यांनी काही न जोडता, आपण पापी आहोत एवढेच कबूल करून, रिकाम्या हातांनी कृपा स्वीकारिली. जन्मोजन्म वाट न पाहता, जात न पाहता, स्त्री म्हणून न अडविता, आत्ताच आणि फुकट मिळणारे तारण हेच त्यांना सर्वांत मोठे समाधान वाटले, हे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेविले आहे.

यावर कोणी असे म्हणेल की, कृपेची गोष्ट एकदा मान्य केली की न्यायाला जागा उरत नाही. रमाबाईंच्या आयुष्यात तसे दिसत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग असता, स्त्रियांना इस्पितळात व छावण्यांत कसे वागविले जाते याविरुद्ध त्यांनी सरकारला न भिता वृत्तपत्रात लिहिले. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यासाठी त्या भांडल्या. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातही धन्याने पहाटेच्या मजुरांचा एक पैसा कापलेला नाही. ठरलेला रोज त्यांच्या हातावर पूर्ण पडला. तेव्हा मजुरांची मजुरी बुडविणाऱ्या मालकाने या दाखल्याचा आधार घेऊ नये. तक्रार करणाऱ्यांचे नुकसान झालेच नव्हते. शेजाऱ्याच्या हातातले नाणे त्यांना सलत होते.

असो. १८९३ साली शारदा सदनावर वादळ आले. काही मुलींचा ओढा ख्रिस्ताकडे होऊ लागला असे दिसताच सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले व पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. तो इतिहास अनेकांनी लिहिला आहे. आम्ही त्यात शिरत नाही.

१८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा वऱ्हाडात वणी जिल्हा या नावाने मोडत असे. आणि १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडाचे जे हाल केले ते वेगळेच. मध्यप्रांतातील बातम्या ऐकून रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले: तो रानातील झाडपाला आणि आईची तिरडी. त्या स्वतः तिकडे गेल्या. उपाशी, रोगी, अंगावर चिंध्याही धड नसलेल्या मुली व विधवा त्यांनी पाहिल्या. मदतीच्या छावण्यांभोवती वाईट माणसे टपून असत व निराधार मुलींना फसवून नेत, हेही त्यांच्या दृष्टीस पडले. त्यांनी मुलींस गोळा करून आणण्यास सुरुवात केली. त्यांच्याजवळ पुरेसे पैसे नव्हते, जागा नव्हती. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेविता येईना, म्हणून केडगाव येथे आगगाडीच्या मार्गालगत घेतलेल्या सुमारे शंभर एकर जमिनीत झोपड्या घालून त्यांची सोय केली. हेच पुढे मुक्ती सदन झाले.

येथे जात विचारली जात नव्हती. शारदा सदनातील सोवळे येथे चालणारे नव्हते. आलेल्या मुलींना शिस्त ठाऊक नव्हती. पुष्कळांना रोग होते. भुकेची सवय अशी की पुढे जेवण आहे यावर विश्वास बसेना. शिकलेल्या, आधी आलेल्या मुलींनी या नव्या मुलींची काळजी घेण्याचे काम पत्करिले. वाचकहो, पहाटेच्या मजुरांनी संध्याकाळच्या मजुरांची वेणीफणी केली, त्यांच्या जखमा धुतल्या. आधी आल्याबद्दल त्यांना जो मान मिळाला तो हा.

१९०० साली गुजरातच्या दुष्काळातूनही शेकडो मुली आल्या, आणि त्या सुमारास केडगावी राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग बसले, छापखाना निघाला. आंधळ्या भगिनींसाठी एक घर झाले, वृद्धांसाठी एक झाले. आणि एक घर अशा स्त्रियांसाठी झाले की ज्यांना पाहून चांगल्या घरच्या बाया पदर सावरून दुसऱ्या बाजूने जातात. दुष्काळात फसलेल्या, विकल्या गेलेल्या, स्वतःच्या पायांनी चुकीच्या वाटेस गेलेल्या, अशा सर्व प्रकारच्या स्त्रिया त्यांत होत्या. या घराला पतितांचे घर, सुधारगृह, प्रायश्चित्तगृह असे काहीही नाव देता आले असते. रमाबाईंनी त्याला कृपासदन असे नाव दिले.

त्या नावाचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. दारावर नाव लिहिले की आत जाणाऱ्या प्रत्येकीला ते वाचून दाखविले जाणार. तू कोण होतीस हे त्या नावात लिहिलेले नाही. तुला काय मिळाले आहे ते लिहिलेले आहे. कृपासदनातील स्त्रियांना वेगळे राहावे लागे हे खरे, आणि तेथे शिस्तही होती. कारण वर्षानुवर्षांच्या सवयी एका प्रार्थनेने सुटत नाहीत, आणि लहान मुलींचे रक्षण करणे हेही रमाबाईंचे कर्तव्य होते. कृपा म्हणजे डोळेझाक असे त्यांनी कधी मानिले नाही. परंतु काम त्यांनाही होते, शिक्षण त्यांनाही होते, आणि प्रभूचे शुभवर्तमान जसे शास्त्र्यांच्या मुलींना तसेच त्यांना. फुलहॅमला जे पाहिले त्याला सोळा-सतरा वर्षे होऊन गेली होती. जे तेथे पाहून त्या प्रभूकडे वळल्या, तेच त्यांनी पुणे जिल्ह्यातील माळावर उभे केले.

आम्हांस असेही वाटते की, १८९१ सालचा तो अनुभव नसता तर हे घर झाले नसते. शारदा सदन विद्येच्या व दयेच्या बळावर चालविता येते. परंतु ज्या बाईने स्वतःच्या बाप्तिस्म्याचे, विद्वत्तेचे व सत्कर्मांचे गाठोडे एकदा खाली ठेविले आहे, तीच कृपासदनाच्या दारात उभी राहून आत येणाऱ्या स्त्रीकडे बरोबरीच्या नात्याने पाहू शकते.

१९०५ साली मुक्ती सदनात मोठे आध्यात्मिक जागरण झाले. मुली रात्ररात्र प्रार्थना करीत, पापे कबूल करीत, रडत व गात. त्याची कीर्ती परदेशापर्यंत गेली. त्यातील काही प्रकारांविषयी ख्रिस्ती लोकांत तेव्हाही मतभेद होते, आणि आजही आहेत. आम्ही एवढेच म्हणतो की त्यानंतर पुष्कळ मुली शुभवर्तमान सांगत आसपासच्या खेड्यांतून फिरू लागल्या.

याच काळात बाईंनी आपले शेवटचे मोठे काम हाती घेतले. प्रचलित मराठी पवित्र शास्त्राची भाषा खेड्यातील बायांना कठीण जाते असे त्यांना दिसे. म्हणून त्या या वयात हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या व मूळ भाषांवरून संपूर्ण शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करू लागल्या. ज्यांना कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हटले, त्यांनी आपली संस्कृत विद्वत्ता बाजूस ठेवून, दळणकांडण करणाऱ्या बाईला कळेल असा शब्द शोधीत अनेक वर्षे घालविली. पुस्तक केडगावच्या छापखान्यातच छापले जात होते, आणि खिळे जुळविण्याचे कामही तेथील मुली करीत.

१९१९ साली सरकारने त्यांस कैसर-ए-हिंद पदक दिले. कानांनी त्यांना नीट ऐकू येत नसे. आपल्यामागे संस्था मनोरमेने चालवावी अशी व्यवस्था होती. पण २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. आई, बाप, बहीण, भाऊ, पती, आणि आता एकुलती एक मुलगी. न्यायाचा हिशेब मांडणारे कोणी असते तर त्यांनी या वेळी तरी देवाला जाब विचारिला असता. बाईंनी उरलेली मुद्रिते तपासावयास घेतली. काम पुरे होत आले असता ५ एप्रिल १९२२ रोजी त्या झोपेतच प्रभूकडे गेल्या. संपूर्ण शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. भारत सरकारने १९८९ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढिले. केडगावची मुक्ती संस्था आजही चालू आहे.

आता आमच्या खेड्याकडे वळतो. श्रावणातील त्या रात्री आम्ही रमाबाईंची ही हकीकत अर्धीमुर्धीच सांगू शकलो, कारण पाऊस आला आणि पत्र्यावरील आवाजात काही ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी निघताना ज्या वृद्ध भगिनी दाखल्यावर प्रथम बोलल्या होत्या त्या वाटेपर्यंत पोहोचवावयास आल्या. कृपासदनातल्या बायांना तेथे स्वयंपाकाची भांडी वेगळी होती काय, एवढेच त्यांनी विचारिले. आम्हांस उत्तर देता आले नाही. मग त्यांनी सांगितले की परत आलेली ती बहीण त्यांच्याच घरी उतरली आहे, आणि त्यांनी तरी भांडी वेगळी ठेविलेली नाहीत.

वडील मंडळींची बैठक सोयाबीन निघाल्यावर भरावयाची आहे. त्यांनी आमच्याकडे रमाबाईंचे चरित्र लिहून मागितले होते, बैठकीत वाचून दाखविण्याकरिता. ते हे.